एका सुतांत

वैशाखाच्या ऐन दुपारीं आलापल्लीहून सिरोंच्याकडे निघालेली एखादी जुनी जीपगाडी सागाच्या रानांत मधेंच उभी राहते. रेडिएटरच्या तोंडांतून वाफ उसळत असते. चालक बॉनेट उघडून पाहतो तों पंख्याचा पट्टा तुटून इंजिनाच्या कुशींत लोंबत असतो. आलापल्ली ते सिरोंचा हा पल्ला सुमारें १०० किलोमीटरांचा; वाटेंत वस्ती विरळ, सांवली तुटक, आणि उन्हाळ्यांत पाणी त्याहून दुर्मिळ. मे महिन्यांत पारा ४६-४७ अंशांवर चढणें या मुलखाला नवलाचें नाहीं. अशा ठिकाणीं रबराचा तो लहानसा पट्टा म्हणजे प्रवाशांचा प्राणच म्हटला पाहिजे.

शहरांत राहणाऱ्या माणसास वाटतें कीं, पट्टा तुटला म्हणजे पंखा बंद पडला, एवढेंच. परंतु जुन्या धाटणीच्या इंजिनांत त्या एकाच पट्ट्याच्या जिवावर तिघे चाकर राबत असतात. एक पंखा, दुसरा इंजिनाभोंवतीं पाणी खेळविणारा पंप, आणि तिसरा वीज उत्पन्न करणारा डायनमो. इंजिनाचा जो मुख्य दांडा, ज्याला क्रँकशाफ्ट म्हणतात, त्याच्या टोंकावरील पुलीपासून पट्टा गति घेतो आणि ती या तिघांना वांटून देतो. पट्टा गेला कीं वारा गेला, पाण्याचा खेळ थांबला आणि बॅटरी भरणें बंद झालें. रात्रीची वेळ असली तर दिवेही हळूहळू मंदावतात.

गाडी कशीबशी गांवीं पोंचते. नवा पट्टा चढतो, आणि पंधरा-वीस दिवसांत तोही एका अंगानें खाल्ला जातो. मग पट्टा बनविणारास दोष दिला जातो, अधिक किंमतीचा पट्टा आणला जातो, तो अधिक ताणून बसविला जातो. आणि तोही जातो. पट्टा खाणारा चोर बहुधा पट्ट्यांत नसतो, तो चाकांच्या रेषेंत दडलेला असतो, ही गोष्ट जुन्या मिस्त्र्यांना ठाऊक होती. ती त्यांना कोठून ठाऊक झाली हें पाहूं गेलें, तर मोटारीच्या जन्मापूर्वीं कित्येक शतकें मागें जावें लागतें. पण त्यासाठीं जिल्हा सोडून फार दूर जावें लागत नाहीं.

चंद्रपूर जिल्ह्यांत सावली नांवाचें गांव आहे. खादीच्या कामामुळें या गांवाचें नांव सर्वत्र झालें, आणि १९३६ सालीं गांधी सेवा संघाचें अधिवेशन येथें भरलें तेव्हां गांधीजी येथें येऊन राहिले होते. सावलीच्या खादीची कथा स्वतंत्र आहे. प्रस्तुत विषयास हवा आहे तो तेथला चरखा. चरखा हें पट्ट्यावर चालणारेंच यंत्र होय. एक मोठें चाक, एक बारीक चातें, आणि दोहोंना वेढणारी सुताची माळ, एवढाच त्याचा संसार. मोठें चाक एकदां फिरलें कीं चातें कित्येक वेळां गरगरतें. मोटारीच्या इंजिनांत मोठ्या पुलीवरून लहान पुलीकडे गति नेली जाते ती याच हिशेबानें.

हिंदुस्थानांत चरख्याचा स्पष्ट उल्लेख सांपडतो तो इसामी नांवाच्या कवीच्या ‘फुतूह-उस्-सलातीन’ या फारसी काव्यांत. हें काव्य १३५० सालीं येथेंच दख्खनमध्यें, बहामनी राज्याच्या पहिल्या सुलतानाच्या आश्रयानें पुरें झालें. उल्लेख आला आहे तो रझिया सुलतानेस नांवें ठेवण्याच्या निमित्तानें. स्त्रीनें सिंहासनाच्या भानगडींत न पडतां चरख्याशीं बसावें, असें कवीचें म्हणणें. कवीचें तें मत आज कोणी जुमानणार नाहीं. यंत्राच्या इतिहासकारास मात्र त्याच्या या कुरकुरीचा लाभ झाला.

कांतणाऱ्या बाईला माळेचा त्रास चांगला परिचयाचा असतो. चातें ज्या मोढियावर बसलें आहे तो मोढिया केसभर वांकडा झाला, कीं माळ चाकावरून निसटते किंवा एका कडेस घांसून तुटते. माळ घसरूं लागली म्हणजे सोपा उपाय म्हणून तिला राळ किंवा मेण लावितात. राळेनें माळ चिकटून धरते, घटकाभर काम चालतें, आणि मूळचा वांकडेपणा तसाच राहतो. ही राळ पुढें गिरण्यांत आणि मोटारींतही पुन्हां भेटणार आहे. चांगली कांतणारी बाई राळेच्या वाटेस जाण्यापूर्वीं चाकाच्या पाठीमागें बसून एक डोळा मिटून पाहते, कीं चाक, माळ आणि चातें हीं तिन्ही एका सुतांत आहेत कीं नाहींत.

‘एका सुतांत’ हा शब्दप्रयोग येथें सहज आला, पण तो थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. मराठींत सूत म्हणजे कांतलेला धागा. सूत म्हणजे सुतार-गवंड्यांची रेषा आंखण्याची दोरी. आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार हा शब्दच मुळीं संस्कृत सूत्रधारापासून आला. धागा, रेषा आणि माप हीं तिन्ही एकाच शब्दांत बांधून ठेवणाऱ्या भाषेनें पट्ट्याचें सगळें शास्त्रच एका मुठींत दिलें आहे. विदर्भांतला जुना फिटर आजही “डायनमो दोन सूत बाहेर आहे” असें म्हणतो, तेव्हां तो पाव इंचाची गोष्ट करीत असतो.

गांधीजींच्या चळवळीनें या साध्या यंत्राकडे शिकलेल्या लोकांचें लक्ष वळविलें. १९२९ सालीं अखिल भारतीय चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें पारितोषिक जाहीर केलें. यंत्राची किंमत १५० रुपयांवर जातां कामा नये, आठ तासांत १२ ते २० नंबरचें १६,००० फूट सूत निघालें पाहिजे, आणि नीट राखल्यास तें २० वर्षें चाललें पाहिजे, अशा त्याच्या कडक अटी होत्या. किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र परीक्षेस गेलें होतें. पारितोषिक कोणासही मिळालें नाहीं. गांधीजींनीं येरवड्याच्या तुरुंगांत जो पेटी-चरखा सिद्धीस नेला, त्यांत मात्र एक चतुर योजना होती. मोठ्या चाकाची माळ मधल्या लहान चाकाकडे, आणि त्या लहान चाकाची दुसरी माळ चात्याकडे, अशी गति दोन पायऱ्यांनीं वाढविली होती. माळा दोन झाल्या म्हणून रेषाही दोन सांभाळाव्या लागल्या. पेटी मिटतां येत असे, बगलेंत मारून नेतां येत असे. पण प्रवासांत धक्का बसून मोढिया हलला, कीं उघडल्यावर पहिलें काम तो सरळ करण्याचें.

चरख्याची माळ एका हाताच्या बळावर चालते. तीच कल्पना शेंकडों घोड्यांच्या बळास जोडल्यावर काय होतें हें गिरण्यांनीं दाखविलें. मुंबईस ताडदेव येथें कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ सालीं चालूं झाली. नागपुरास जमशेटजी टाटा यांनीं एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं उघडली. चांदा जिल्ह्यांतील वरोऱ्याचा दगडी कोळसा नागपुरास जवळ होता, ही या शहराची एक सोय होती. वरोऱ्याची ती सरकारी खाण पुढें १९०६ सालीं बंद पडली आणि कोळशाचें काम बल्लारपूरकडे सरकलें. त्या काळच्या गिरणींत प्रत्येक यंत्रास स्वतंत्र मोटर नसे. एकच वाफेचें इंजिन, त्यानें फिरणारे छताजवळचे लांबच लांब लोखंडी दांडे, आणि त्या दांड्यांवरून खालच्या एकेका यंत्रापर्यंत उतरलेले चामड्याचे रुंद पट्टे. इंग्लंडांत आरंभीं हें काम दांत्यांच्या चाकांनीं होत असे. अमेरिकेंत पॉल मूडी यानें १८२८ सालीं लोवेल गांवच्या एका गिरणींत दांत्यांच्या जागीं चामड्याचे पट्टे घातले; ते कमी खडखड करीत, हलके असत, आणि तुटले तर वादीनें शिवून पुन्हां चढवितां येत.

या चपट्या पट्ट्याचा एक स्वभाव फार विलक्षण आहे, आणि तो समजल्याशिवाय पुढचा इतिहास उमगत नाहीं. ज्या पुलीवर चपटा पट्टा धांवतो ती पुली सपाट नसते. मध्यावर किंचित फुगीर असते. कोणासही वाटेल कीं फुगवट्यावरून पट्टा उताराकडे घसरेल. होतें नेमकें उलट: पट्टा चढणीकडे जातो आणि माथ्यावर स्थिर होतो. घरीं याची परीक्षा पाहतां येते. एक जाडसें गाजर घेऊन त्याच्या निमुळत्या अंगावर कागदाची पट्टी वेढावी. पट्टी अंगाला नीट चिकटूं लागली, कीं तिचें मोकळें टोंक जाड बाजूकडे वळतें. फिरणाऱ्या पुलीवर येणारा पट्टाही असाच जाड बाजूकडे तोंड करून येतो, म्हणून प्रत्येक फेऱ्यास तो थोडा अधिक वर टेकतो. दोन्ही बाजूंनीं उतार असल्यामुळें मध्यावरचा माथा हें त्याचें घर ठरतें. दुसरा नियम याच्या पोटांतूनच निघतो. चाकाकडे येणारा पट्टा चाकाच्या रेषेंत आला पाहिजे. चाकावरून जाणारा थोडा तिरका गेला तरी खपतें. या नियमाच्या जोरावर जुने मिस्त्री पट्ट्याला पीळ देऊन एकमेकांस काटकोनांत असलेले दांडे सुद्धां फिरवीत.

फुगवट्यामुळें लहानसहान चुका पट्टा स्वतःच पोटांत घाली. चूक मोठी असली तर मात्र तो एका झटक्यांत पुलीवरून उतरे, आणि खात्यांत सर्वांस कळे कीं कोठें तरी दांडा वांकडा झाला आहे. हें उतरणें भयंकरही असे. धोतराचा सोगा, सदऱ्याची बाही किंवा मोकळे केंस पट्ट्यांत सांपडून माणूस दांड्यापर्यंत ओढला जाण्याचे प्रसंग गिरण्यांच्या इतिहासांत सर्वत्र घडले. हिंदुस्थानांतला पहिला कारखाना कायदा १८८१ सालचा. मुलांच्या कामाच्या तासांबरोबरच यंत्रांस कुंपण घालण्याची सक्ति त्यांत होती. १९४८ च्या कायद्यानें तर असेंही बजावलें, कीं काम नसलेला पट्टा फिरत्या दांड्यावर नुसता टेकूनही ठेवूं नये. कायद्याच्या पुस्तकांत हें एक कोरडें कलम आहे. पण तें किती हात तुटल्यानंतर लिहिलें गेलें असेल याचा विचार वाचणारानें करावा.

कापडाच्या गिरण्यांतून हे पट्टे हळूहळू गेले; प्रत्येक यंत्रास विजेची मोटर मिळाली. झाडीपट्टींत मात्र त्यांचा मुक्काम लांबला. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, देसाईगंज या धानाच्या मुलखांत भात कांडण्याच्या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि त्यांत तेलाच्या इंजिनापासून कांडणीच्या यंत्रापर्यंत पट्टेच पट्टे असत. सांध्याची वादी पुलीवर आपटून होणारा तो ‘टक्-टक्’ आवाज गांवाच्या सीमेवरून ऐकूं येई. मालकानें पट्ट्यावर राळ फांसली कीं आवाज कांहीं काळ बदले, आणि जाणत्या मिस्त्र्यास दुरूनच समजे कीं येथें रोग झांकला आहे.

जंगलांतील लांकडाच्या करवतींनीं याहून कडक शाळा चालविली. बल्लारशाह हें सागवानाचें मोठें आगार. २०२३ सालीं अयोध्येच्या मंदिरासाठीं सागवान गेलें तें येथूनच. मोठे ओंडके चिरणारी पट्टी-करवत म्हणजे दोन मोठ्या चाकांवर धांवणारा दांतेरी पोलादी पट्टाच होय. विल्यम न्यूबेरी यानें इंग्लंडांत १८०८ सालीं तिचें पेटंट घेतलें, परंतु पट्टीचा जोड टिकेना म्हणून कित्येक वर्षें ती कल्पना कागदावरच राहिली. या करवतीचीं चाकें एका सुतांत नसलीं तर पट्टी पुढें सरते, मागें सरते, आणि शेवटीं तुटून चाबकासारखी उसळते. चामड्याचा पट्टा चूक केली तर काम थांबवीत असे; पोलादाचा पट्टा जीव घेऊं शके. म्हणून करवतीवरचा माणूस सकाळीं पट्टी चढविल्यावर प्रथम हातानें चाक फिरवून ती कोठें बसते हें पाही, आणि मगच इंजिन चालूं करी.

आतां मोटारीकडे वळावें. कार्ल बेंझ यानें २९ जानेवारी १८८६ रोजीं आपल्या तिचाकी मोटारीचें पेटंट घेतलें, तेव्हां त्या गाडींत इंजिनाची शक्ति मधल्या दांड्याकडे नेणारा होता तो गिरणींतलाच चपटा पट्टा. १८८८ सालीं त्याच्या पत्नीनें, बर्था बेंझ हिनें, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत ती गाडी नेली. चढावर मुलांना उतरून ढकलावें लागलें. चाकें फिरविण्याचें काम लवकरच दांत्यांच्या गिअरांनीं घेतलें, आणि पट्टा इंजिनाच्या पुढच्या अंगास, पंख्याच्या किरकोळ कामावर जाऊन बसला. १९०८ ते १९२७ पर्यंत दीड कोटींवर बनलेल्या फोर्डच्या ‘टी’ गाडींत पंख्याचा पट्टा चपटाच होता. त्या गाडींत बहुतेक काळ पाण्याचा पंप नव्हता. तापलेलें पाणी आपोआप वर चढे आणि थंड झालेलें खालीं उतरे. त्यामुळें पट्टा तुटला तरी गाडी संथपणें कांहीं मैल जाऊं शके. पुढें इंजिनें बलवान झालीं, पंप आला, विजेचे दिवे आणि स्टार्टर आले, आणि पट्ट्यावरचें ओझें वाढत गेलें. जो प्रथम किरकोळ कामगार होता तो कोणाच्या ध्यानींमनीं नसतां घराचा कर्ता होऊन बसला.

एवढें ओझें चपट्या पट्ट्यास पेलणारें नव्हतें. अमेरिकेंत डेन्व्हर येथें जॉन गेट्स यानें १९१७ सालीं रबर आणि सुताचा असा पट्टा बनविला, कीं ज्याचा छेद पाचरीसारखा होता. पुलीलाही तशीच निमुळती खांच. पट्टा ताणला कीं तो खांचेंत पाचरीप्रमाणें रुतून बसतो आणि दोन्ही कुशींनीं पुलीस आंवळून धरतो. म्हणून थोड्या ताणांत तो चपट्या पट्ट्याच्या कितीतरी पट पकड देतो. यालाच आज सर्वजण व्ही-बेल्ट म्हणतात. घसरण्याचा जुना रोग बराच नाहींसा झाला आणि मोटारींना हा पट्टा फार मानवला.

या सुधारणेंत जें गमावलें त्याकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. चपटा पट्टा चाकें वांकडीं असलीं कीं तंटा करी आणि उतरून मोकळा होई. व्ही-बेल्टला खांचेच्या दोन भिंतींनीं कोंडून ठेविलें आहे. चाकें वांकडीं असलीं तरी तो खांच सोडीत नाहीं. एका कुशीवर घांसत, तापत, झिजत राहतो. त्याच वेळीं तो डायनमोच्या आणि पंपाच्या बेअरिंगलाही तिरकें ओढीत असतो. मालकास कळतें तें पट्टा तुटल्यावर, आणि पंपाचें बेअरिंग गेलें हें तर त्याहूनही उशिरां. गिरणीच्या पट्ट्यानें आरडाओरड करून जें शिकविलें तें मोटारीच्या पट्ट्यानें मुक्यानें सोसलें. त्यामुळें नव्या पिढीच्या चालकांस चाकांची रेषा पाहण्याची संवय लागलीच नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानें या अज्ञानाची किंमत वसूल केली. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें. मलाया आणि जावा-सुमात्रा जपान्यांच्या हातीं गेलीं, आणि जगाच्या रबराचा बहुतेक सारा पुरवठा तुटला. टायर जसे दुर्लभ झाले तसेच पट्टेही. अशा वेळीं एक पट्टा सहा महिने टिकविणारा मिस्त्री आणि महिन्यास एक फस्त करणारा मिस्त्री यांतला फरक सर्वांच्या डोळ्यांत भरूं लागला. युद्धाच्याच काळांत विलीस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून ६ लाखांवर जीपगाड्या बनविल्या. चार नळकांड्यांचें, ६० घोड्यांच्या शक्तीचें तें इंजिन. आणि त्याच्या पुढें पंखा, पंप व डायनमो यांस फिरविणारा एकच व्ही-बेल्ट. युद्ध संपल्यावर लष्करानें काढून टाकलेल्या जीपा विकल्या गेल्या, पुढें मुंबईस महिंद्र कंपनीनें त्या जोडण्यास आरंभ केला, आणि जंगलखातें, ठेकेदार व डॉक्टर यांच्या हातून त्या रानांत पोंचल्या. त्या वेळीं हा सारा मुलूख एकच चांदा जिल्हा होता; गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ सालीं.

अशा जुन्या इंजिनाचा पट्टा वारंवार जात असेल तर चांगला मिस्त्री काय करतो, हें तपशीलानें सांगण्यासारखें आहे, कारण सगळी परंपरा त्याच्या त्या अर्ध्या तासांत एकवटलेली असते. तो इंजिन थंड होऊं देतो आणि आधीं जुना पट्टाच हातांत घेऊन पाहतो. एकच कूस चकचकीत झाली असेल, एकाच बाजूचे धागे उघडे पडले असतील, खांचेभोंवतीं काळी पूड सांचली असेल, तर रेषा चुकली आहे. दोन्ही कुशी सारख्या चकाकत असतील तर पट्टा ढिला राहून घसरला आहे. खांचेचा तळ घांसून उजळ झाला असेल तर पुलीच झिजली आहे. कारण या पट्ट्यानें कुशींवर बसावें, तळाशीं टेकूं नये.

मग तो प्रत्येक पुली हातानें फिरवितो. पुली डुलते काय, बेअरिंगमध्यें खेळ आहे काय, हें न पाहतां रेषा मोजणें म्हणजे हलत्या फळ्यावर भूमितीची आकृति काढणें होय. हें झाल्यावर प्रश्न उरतो कीं कोणाला कोणाच्या रेषेंत आणावें. मुख्य दांड्यावरची पुली हलवितां येत नाहीं, ती थोरली. पंपाची पुलीही जवळजवळ अढळ. हलवितां येण्याजोगा असतो तो डायनमो, कारण तो कंसावर बोल्टांनीं टांगलेला असतो. म्हणून दोरा थोरल्या पुलीच्या कांठावर ताणून धरावयाचा आणि धाकट्यांस त्याच्याकडे आणावयाचें. दोरा एका पुलीच्या दोन्ही कांठांस आणि दुसरीच्याही दोन्ही कांठांस, असा चार ठिकाणीं टेकला पाहिजे. येथें एक फसगत आहे. पुल्यांच्या कडा सारख्या जाडीच्या नसतील तर कांठ जुळूनही खांचा जुळत नाहींत. अशा वेळीं सरळ, गोल सळई खांचेंत आडवी ठेवून तिचें टोंक दुसऱ्या खांचेंत कोठें जातें तें पाहतात.

चूक दोन जातींची असते आणि दोहोंचे उपाय निराळे. दांडे समांतर आहेत पण एक पुली पुढें-मागें आहे, ही पहिली जात. तिला डायनमोच्या कानामागें वायसर घातल्यानें किंवा काढल्यानें उतार पडतो. दांडेच समांतर नाहींत, ही दुसरी; तिला वायसर कितीही घातले तरी गुण येत नाहीं. कंस वांकला असेल तर तो सरळ करावा लागतो, बोल्टाचें भोंक धक्क्यांनीं लांबट झालें असेल तर त्यांत बुश बसवावा लागतो. व्ही-बेल्ट अर्ध्या अंशापर्यंतचा तिरकेपणा सोसतो, म्हणजे दोन चाकांत एक फुटाचें अंतर असेल तर सुमारें एक दशांश इंच. एक सूतही पुरतें नाहीं. डायनमो काढून त्या जागीं नवा आल्टरनेटर बसविणारे लोक येथेंच ठेंच खातात. आल्टरनेटर बसतो, वीज देतो, दिवे लखलखतात. पण त्याची पुली मूळच्या रेषेंत येईलच असा नेम नसतो.

शेवटीं ताण. दोन पुल्यांमधील लांब भाग आंगठ्यानें दाबला तर पट्टा सुमारें अर्धा इंच लवावा. अधिक ताणावा असा मोह फार होतो, आणि त्याचा दंड पंपाचें बेअरिंग भरतें. यांत एक बारकावा असा आहे, कीं तो पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. बोल्टाचें भोंक झिजलें असेल तर सैल पट्ट्यावर सरळ दिसणारा डायनमो पट्टा ताणतांच नाक पुढें करून तिरका होतो. म्हणून पट्टा नसतां केलेली मोजणी अर्धीच समजावी. इंजिन चालूं असतां कूं-कूं असा आवाज येत असेल तर पट्ट्यावर थोडें पाणी शिंपडून पाहतात: आवाज क्षणभर थांबला तर रेषेचा दोष, उलट वाढला तर ताणाचा. पाणी शिंपडणारानें धोतराचा सोगा किंवा उपरण्याचें टोंक खोंचून घ्यावें. कांहीं जण पाण्याच्या जागीं राळ किंवा साबण लावून आवाज बंद करतात. गाडी मुकी होते आणि रोग तसाच राहतो.

फोर्ड कंपनीनें १९७९ च्या मस्टँग गाडींत सर्व कामांसाठीं एकच रुंद, चपटा, बारीक दांडींचा पट्टा घातला. त्याचा ताण स्प्रिंगचें चाक आपोआप राखतें. तेव्हांपासून हाच प्रकार सर्वत्र रूढ होत गेला, आणि रेषा तपासण्यासाठीं प्रकाशकिरणाचीं यंत्रेंही मिळूं लागलीं. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रांत कोळसा वाहणारे पट्टे चालतात, आणि ते एका अंगास सरूं नयेत म्हणून त्यांच्याखालील रूळ सरळ राखण्याचें काम तेथें अव्याहत करावें लागतें. जुन्या जीपेच्या नशिबीं मात्र किरणाचें यंत्र क्वचितच येतें. मिस्त्री दोऱ्याचें एक टोंक पोऱ्याच्या हातीं देऊन तें थोरल्या पुलीच्या कांठावर धरावयास सांगतो, दुसरें टोंक स्वतः डायनमोपर्यंत ताणतो आणि एक डोळा मिटतो. एक वायसर निघतो, एक जातो. दोरा चौथ्या ठिकाणीं टेकला कीं तो नट आंवळतो, पट्टा चढवितो, ताण देतो. आणि पोऱ्याला दोरा पुन्हां एकदां धरावयास सांगतो.